गुलामगिरीचा चिखल आणि मुक्तीचे क्रियापद : अण्णाभाऊ साठे ह्यांच्या एका गीताचा विचार

शाहीर अण्णाभाऊ साठे ह्यांचे ‘जग बदल घालुनी घाव’ हे गीत महाराष्ट्रात ठाऊक नाही असा श्रमिक माणूस विरळा. दरवर्षी १४ एप्रिल व ६ डिसेंबर ह्या दिवशी भरणाऱ्या सभांतून ते गाइले जाते. मोर्चांच्या अग्रभागी त्याचे ध्रुपद घोषणेसारखे उच्चारले जाते. पुष्कळांना कर्त्याचे नाव ठाऊक नसताही पद मुखोद्गत असते. लोकप्रियतेच्या ह्या अतिपरिचयामुळेच की काय, त्याच्या शब्दांकडे सावकाशीने पाहण्याचे काम मात्र फारसे झालेले नाही. त्यावर जे लिहिले गेले ते बहुधा एकाच वादाच्या अनुषंगाने : गीताचा कर्ता मार्क्सवादी की आंबेडकरवादी? प्रस्तुत लेखात ह्या वादाचा परामर्श शेवटी घ्यावयाचा आहे. तत्पूर्वी गीताच्या केंद्रस्थानी असलेल्या ‘गुलामगिरी’ ह्या शब्दाचा मराठीतील इतिहास आणि त्या शब्दाभोवती शाहिराने योजिलेली क्रियापदे ह्यांचे परीक्षण करावे, असा हेतू आहे. मराठीत गुलामाच्या मुक्तीचा विचार दीर्घकाळ ‘कोणीतरी त्याला मुक्त केले’ अशा सकर्मक रचनेत मांडला जात असे. ह्या गीतात तो ‘तू बाहेर नीघ’ अशा अकर्मक, आज्ञार्थी रचनेत मांडला गेला. हा केवळ व्याकरणाचा पालट नसून सामाजिक इतिहासातील एका स्थित्यंतराची ती खूण आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

१. दास, गुलाम, कुणबीण

गुलामीचा निर्देश करणारे शब्द मराठीत एकाच उगमाचे नाहीत. ‘दास’ व ‘दासी’ हे संस्कृतातून आले. ‘गुलाम’ हा मूळचा अरबी. त्याचा प्राथमिक अर्थ मुलगा, तरुण असा असून त्यावरून चाकर व पुढे विकत घेतलेला माणूस असा अर्थविस्तार झाला. फारसीच्या द्वारे तो दख्खनच्या राजव्यवहारात रूढ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दख्खनच्या सुलतानशाहीतील गुलाम हा नेहमीच तळाचा माणूस नव्हता. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल व आदिलशाही ह्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. तेव्हा त्या काळी ‘गुलाम’ हा शब्द प्रामुख्याने एका व्यक्तीच्या मालकीसंबंधाचा वाचक होता. एखाद्या संपूर्ण समाजाची अवस्था सांगण्यासाठी तो वापरला जात नसे.

पेशवेकालीन कागदपत्रांत आढळणारा शब्द ‘कुणबीण’ हा होय. ‘बटीक’ हाही त्याच अर्थाचा. कुणबिणींची खरेदी-विक्री होई, त्यांच्या किमती कागदोपत्री नोंदल्या जात, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या स्त्रियाही त्यांत असत. कोठारे, पागा व मुदपाकखाना येथील पुष्कळसे कष्टाचे काम त्यांच्याकडे असे. मात्र ज्या शब्दाने एरवी शेतकऱ्याच्या स्त्रीचा बोध होतो तोच शब्द विकत घेतलेल्या स्त्रीलाही लावला गेल्यामुळे गुलामी ही घरगुती चाकरीत जणू विरघळून गेली. नावच जर साध्या कष्टकरी बाईचे असेल, तर स्थितीचे भेसूरपण शब्दातून प्रकट व्हावे कसे?

‘दास’ शब्दाची गोष्ट ह्याहून निराळी. नवविधा भक्तीत दास्याची गणना होत असल्यामुळे त्या शब्दाला पावित्र्याची झळाळी प्राप्त झाली. ‘रामदास’ ह्या नावात दास्य हे भूषण आहे. संत जनाबाईंच्या अभंगांत तर खऱ्याखुऱ्या दासीचे कष्ट गाइले गेले आहेत. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या ह्या स्त्रीच्या जात्याशी प्रत्यक्ष विठ्ठल येऊन बसतो व तिचे काम वाटून घेतो. कष्टकरी स्त्रीच्या आत्मसन्मानाचा तो अपूर्व उद्गार आहे ह्यात संशय नाही. परंतु त्यात जाते सुटत नाही. देव सोबतीला येतो, दळण तसेच राहते. दास्याची वेदना बोलून दाखविण्यास संतवाणीने शब्द दिले, पण ‘दास’ ह्या शब्दाला बंडाचा अर्थ चिकटणे त्यामुळे अवघड झाले, असे म्हणावे लागते.

२. १८७३ : शब्दाची कक्षा रुंदावते

ह्या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथास ‘गुलामगिरी’ हे नाव दिले ही घटना भाषेच्या इतिहासातही महत्त्वाची ठरते. त्यांच्यापुढे ‘दास्य’ हा रूढ संस्कृत शब्द होता. त्यांनी तो शीर्षकास घेतला नाही. ‘गुलाम’ शब्दाला भक्तीचे वलय नव्हते. पत्त्यांच्या डावात राजा-राणीच्या खाली असणारा, ‘हुकमाचा गुलाम’ ह्या बोलीतला हा शब्द. त्यात गौरवाला जागाच नव्हती.

काळाचा संदर्भही पाहण्याजोगा आहे. हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्काची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असे ठरविले. १८६० च्या दंडसंहितेने, जी १८६२ पासून अमलात आली, गुलामांचा व्यापार हा गुन्हा ठरविला. अमेरिकेत लिंकन ह्यांचा मुक्तीचा जाहीरनामा १८६३ चा आणि गुलामी रद्द करणारी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुलाम नाहीसा होत असतानाच फुले त्या शब्दाला हाती घेतात आणि शूद्रातिशूद्रांच्या अवस्थेस तो लावतात. व्यक्तीच्या मालकीसंबंधाचा वाचक असलेला शब्द अशा रीतीने संपूर्ण समाजस्थितीचा वाचक झाला. कायदेपुस्तकातून बाहेर पडलेल्या शब्दाला फुल्यांनी समाजाच्या चौकशीत साक्षीसाठी उभे केले.

ह्या शब्दाच्या घडणीकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘-गिरी’ हा फारसीतून आलेला प्रत्यय मराठीत अत्यंत फलदायी ठरला. ‘शिपाईगिरी’, ‘कारागिरी’, ‘मुलूखगिरी’, ‘मुत्सद्देगिरी’, ‘फसवेगिरी’, ‘गुंडगिरी’, ‘दादागिरी’ हे शब्द पाहावेत. फारसीत ‘-गरी’ व ‘-गीरी’ हे दोन भिन्न प्रत्यय. मराठीत ते एकरूप झाले. ह्या सर्व शब्दांत एक समान सूत्र दिसते : ‘-गिरी’ने व्यवसाय, वर्तन अथवा अंगवळणी पडलेली कृती दर्शविली जाते. ‘गुलामी’ म्हणजे गुलामाची स्थिती. ‘गुलामगिरी’त त्या स्थितीबरोबरच ती रोज चालविण्याची, रोज पार पाडण्याची क्रियाही सूचित होते. मालक गुलामगिरी लादतो आणि ज्याच्यावर ती लादली जाते त्याच्या हालचालींत, बोलण्यात व मान झुकविण्यात ती दिवसेंदिवस घडत राहते. जी गोष्ट चालविली जाते ती थांबविताही येते, हा अर्थ शब्दाच्या पोटात दडलेला होता. तो प्रकट होण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली.

फुल्यांच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका अभ्यासकांस परिचित आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतील सज्जनांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल आदर व्यक्त करून आपल्या देशबांधवांनीही शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा तीत आहे. ह्या वाक्यरचनेत मुक्त करणारा कर्ता आहे आणि मुक्त होणारा कर्म आहे. १८७३ मध्ये हे स्वाभाविक होते, आणि स्वतः फुल्यांचे संपूर्ण कार्य, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाज धरून, पीडितांनी स्वतः उभे राहावे ह्याच दिशेचे होते. परंतु उपलब्ध वाक्यरचना अद्याप सकर्मक होती, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

३. वेठ, हजेरी, लग्नगडी

‘गुलामगिरी’ हा शब्द ग्रंथांतून सभांत व सभांतून गाण्यांत उतरला तो जलशांच्या वाटेने. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा घेऊन त्यात नवा आशय भरला. पुढे भीमराव कर्डक आदी शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव करून दिली की तो बंड करून उठतो, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शिकवण ह्या जलशांनी निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचविली. शब्द समजण्यास श्रोत्यांना कोशाची गरज नव्हती, कारण त्याचा दाखला प्रत्येकाच्या घरात होता.

तो दाखला कशा प्रकारचा होता? महारवतनाखाली गावचा व सरकारचा कोणताही निरोप, कोणतेही ओझे, कोणत्याही वेळी वाहावे लागे, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ह्या वतनासंबंधी विधेयक मांडले, आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. मांग समाजाच्या वाट्याला गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १८७१ मध्ये जन्मलेला आणि स्वातंत्र्योत्तर काळात, १९५२ मध्ये, रद्द झालेला हा कायदा जन्मालाच गुन्हा ठरवीत असे. चावडीवर रोज द्यावी लागणारी ‘हजेरी’ हा त्या कायद्याचा मराठी चेहरा होता. अण्णाभाऊंच्या १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत ह्या हजेरीचा जाच प्रत्ययास येतो. ती कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

तिसरा दाखला तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला शब्द आणि ‘बिगार’ हा फारसी. दोन्हींचा अर्थ विनामोबदला सक्तीचे काम. दोन भाषांतून आलेले दोन शब्द जोडून मराठीने ‘वेठबिगार’ हा एक शब्द केला, ह्यावरून राज्यकर्ते पालटले तरी प्रथा कशी टिकून राहिली ते दिसते. डहाणू, उंबरगाव, तलासरी ह्या भागांत वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्यापायी सपत्नीक त्याच्या घरी राबत राही. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. मंगल शब्दाला बंधनाचा शब्द असा सहज जोडला गेलेला पाहून भाषेच्या अभ्यासकाचे मन विषण्ण होते. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीस नकार दिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जणांचा बळी गेला. वेठबिगारी नष्ट करणारा अखिल भारतीय कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९७६ मध्ये झाला.

तात्पर्य, जेव्हा शाहीर ‘गुलामगिरी’ म्हणतो तेव्हा तो अलंकारिक अतिशयोक्ती करीत नाही. वतन, हजेरी, वेठ, लग्नगडी अशा निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले अनुभव त्या एका शब्दात एकत्र येतात. निरनिराळ्या जातींना आपापले दुःख वेगळे वाटावे अशीच त्या नावांची व्यवस्था होती. एका शब्दाने ते दुःख परस्परांस ओळखू येऊ लागले.

४. कर्ता आणि त्याची क्रियापदे

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे, आजच्या सांगली जिल्ह्यात झाला. लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईस येऊन त्यांनी मिळेल ती मजुरी केली, गिरणीत काम केले; माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांचे राजकीय शिक्षण झाले. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातील गणात गणपतीऐवजी मायभूमीला व शिवछत्रपतींना वंदन करण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रस्तुत गीताचा काळ अंतर्गत पुराव्यावरून सांगता येतो. ध्रुपदात भीमरावांनी मला जे सांगितले त्याचा हवाला आहे, आणि तेथे ‘सांगणे’ ह्या क्रियापदास ‘जाणे’ हे साहाय्यक क्रियापद जोडलेले आहे. मराठीत ह्या संयोगाने सांगणारा निघून गेला, त्याचे सांगणे मागे उरले, असा अर्थ निष्पन्न होतो. तेव्हा ६ डिसेंबर १९५६ नंतरची ही रचना होय. तीत नव्या महाराष्ट्राच्या निर्मितीचे आवाहन असल्याने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे वातावरणही तिच्या पाठीशी स्पष्ट दिसते.

ह्या एका साहाय्यक क्रियापदावर गीताचा सारा डोलारा उभा आहे. मुक्तिदाता गेला आहे. तो परत येऊन हात देईल ही आशा गीतात कोठेही नाही, आणि त्याच्या निधनाचा विलापही नाही. मागे राहिले आहे ते त्याचे सांगणे. आणि ते सांगणे आज्ञार्थी, द्वितीय पुरुषी, एकवचनी आहे. ‘आपण’ नाही, ‘तुम्ही’ही नाही, ‘तू’ आहे. सभेत हजारो श्रोते बसलेले असोत, प्रत्येकाला ते पद एकट्याला उद्देशून म्हटल्यासारखे ऐकू येते.

आता क्रियापदांची विभागणी पाहावी. गीतातील भूतकाळी वाक्यांत तृतीया विभक्तीतील कर्ते आहेत ते पीडा देणारे : एकीकडे धनवंत, दुसरीकडे धर्मांध. पहिल्यांचे क्रियापद ‘पिळणे’, दुसऱ्यांचे ‘छळणे’. कोणास पिळले, कोणास छळले, हे कर्म तेथे उच्चारलेलेही नाही; पीडित माणूस त्या वाक्यांतून जणू पुसला गेला आहे. ह्याउलट आज्ञार्थी वाक्यांत एकमेव कर्ता आहे तो श्रोता, आणि त्याची क्रियापदे हालचालीची आहेत : झटकणे, निघणे, धावणे, आरूढ होणे, बदलणे. भूतकाळात जो उच्चारलासुद्धा गेला नाही तो वर्तमानात प्रत्येक क्रियेचा कर्ता होतो. इतक्या थोड्या ओळींत इतिहासाची अशी उलटापालट व्याकरणाच्या साध्या साधनांनी साधलेली मराठी काव्यात क्वचितच आढळेल.

‘घाव’ हा शब्दही असाच विचारणीय. मराठीत घाव म्हणजे जखम आणि घाव म्हणजे प्रहार. ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तीत माणसाने दगड व्हावयाचे आहे आणि घाव सोसावयाचे आहेत. शाहिराने नाम तेच ठेवून क्रियापद पालटले : ‘सोसणे’ जाऊन ‘घालणे’ आले. टाकी आता दुसऱ्याच्या हाती नाही. शिवाय प्रत्येक कडव्याच्या अखेरीस ह्याच शब्दाशी यमक जुळवून भीमरावांच्या नावाकडे परत येण्याची योजना आहे. ‘घाव’, ‘राव’, ‘धाव’, ‘नाव’ ही यमके निरक्षर श्रोत्याच्या स्मरणास आधार देतात आणि कृती, प्रेरक व आत्मनाम ह्यांना एका ध्वनीत बांधतात.

‘अंकित’ ह्या शब्दाकडेही दुर्लक्ष होऊ नये. मूळ अर्थ ‘खूण केलेला’. मराठीत त्याचा रूढ अर्थ ‘अधीन’. डाग देऊन मालकी दर्शविण्याच्या पद्धतीची ही स्मृती शब्दात टिकून आहे. आणि ‘बिनी’ हा तर मराठ्यांच्या लष्करी परिभाषेतील शब्द, सैन्याच्या आघाडीचा वाचक, ज्यावरून ‘बिनीवाले’ हे आडनाव पडले. जन्मोजन्मी अंकित ठेवल्या गेलेल्यास शाहीर आघाडीवर धावण्यास सांगतो. गावकुसाबाहेरची जागा आणि फौजेची बिनी ह्यांमधील अंतर एका हाकेत ओलांडले जाते.

५. ऐरावत, मगर आणि न आलेला विष्णू

गीतातील मध्यवर्ती प्रतिमा गुलामगिरीच्या चिखलात रुतून बसलेल्या ऐरावताची आहे. पंकात रुतलेला हत्ती ही संस्कृत काव्यातील जुनी प्रतिमा. पण शाहिराने साधा हत्ती घेतलेला नाही. समुद्रमंथनातून निघालेला, इंद्राचे वाहन असलेला ऐरावत घेतला आहे. ज्यांना हीन ठरविले त्यांचे मूळ सामर्थ्य किती, हे त्या एका नावाने सांगितले गेले. आणि एवढ्या बलाढ्य प्राण्याने रुतून बसावे ह्याचे आश्चर्य प्रश्नाच्या स्वरात व्यक्त झाले. चिखल ही बेडी नव्हे. बेडी दुसऱ्याला तोडावी लागते. चिखलातून अंग झाडून स्वतः बाहेर येता येते. ‘-गिरी’ प्रत्ययात दडलेला जो अर्थ आपण पूर्वी पाहिला, तो ह्या प्रतिमेने उघड केला.

पुढील कडव्यात माणिक गिळणारी मगर येते. भर्तृहरीच्या नीतिशतकात मगरीच्या दाढेतून रत्न काढण्याची कल्पना आहे व ती वामन पंडिताच्या मराठी अनुवादामुळे आपल्याकडे परिचित आहे. ती कल्पना शाहिराच्या कानावर आली असो वा नसो, एवढे खरे की हत्ती आणि मगर एका गीतात आले म्हणजे मराठी श्रोत्याच्या मनात भागवतातील गजेंद्रमोक्षाची कथा जागी होते. दोन्ही प्रतिमा गीतात वेगळ्या कडव्यांत व वेगळ्या कामासाठी आहेत, हे मान्य करूनही ही अनुस्मृती टाळता येत नाही. कीर्तनांतून शेकडो वर्षे सांगितलेल्या त्या कथेत मगरीने पाय धरलेला गजेंद्र आर्त स्वराने धावा करतो आणि विष्णू धावत येऊन त्याला सोडवितो. अण्णाभाऊंच्या गीतात हत्ती आहे, मगर आहे. धावा नाही आणि विष्णूही नाही. ‘धाव’ हा शब्द तेवढा आहे, पण धावावयाचे आहे ते हत्तीनेच.

जनाबाईंच्या जात्याशी विठ्ठल आला होता. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेत अमेरिकेतील सज्जन होते. येथे कोणीही नाही. ह्या अनुपस्थितीत निराशा नाही. ज्याने सांगावयाचे ते सांगून ठेवले आहे, म्हणूनच आता कोणाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

६. लाल की निळे?

आता आरंभी उल्लेखिलेल्या वादाकडे येऊ. गीतात धनवंत आहेत म्हणून ते मार्क्सवादी, भीमराव आहेत म्हणून आंबेडकरवादी, अशी ओढाताण चालते. परंतु गीताची वाक्यरचनाच ह्या वाटणीस नकार देते. धनवंत व धर्मांध हे लागोपाठच्या दोन चरणांत, एकाच विभक्तीत, समान रचनेत उभे आहेत. दुसऱ्याची पीडा पहिल्यासारखीच, असे जोडणारा शब्दही तेथे आहे. कोण प्रमुख व कोण गौण हे कवीने सांगितलेले नाही.

ह्या समांतरतेमागे इतिहास आहे. कम्युनिस्ट व आंबेडकरी चळवळ ह्यांचे संबंध सुरळीत नव्हते. १९२८ च्या गिरणी संपापासून त्यांच्यात मतभेद होते. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी जो संप केला त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र होते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत दोन्ही प्रवाह पुन्हा एका व्यासपीठावर आले. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड ह्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह चालविला. जमीन व जात हे प्रश्न एकत्र मांडता येतील असा तो अल्पकाळ होता, आणि गीतातील एकजुटीचा रथ त्या काळाचा आहे. स्वतः अण्णाभाऊंनी १९५८ मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या व श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे असा विचार मांडला. तेथेही हे दोन शब्द जोडीनेच आले. तो काळ लवकर सरला. पक्ष फुटले, प्रवाह वेगळे झाले. गीत मात्र तसेच राहिले. आज कोणी त्याचे ध्रुपद तेवढे म्हणतो व धनवंतांचे कडवे सोडून देतो, तेव्हा तो गीताचे अर्धेच म्हणणे ऐकवितो, हे अभ्यासकांनी स्पष्ट सांगितले पाहिजे.

बाहेरच्या जगातील एक साम्य येथे उद्बोधक ठरेल. जमैकाचे मार्कस गार्व्ही ह्यांनी १९३७ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे केलेल्या भाषणात, मनाच्या गुलामगिरीतून ज्याची त्यानेच सुटका करून घ्यावयाची असते, असा विचार मांडला. गार्व्ही १९४० मध्ये वारले. त्यांचे ते बोल चाळीस वर्षांनंतर बॉब मार्ली ह्यांनी १९८० च्या ‘रिडेम्प्शन साँग’ ह्या गीतात घेतले व ते जगभर पोहोचले. दिवंगत नेत्याचे वचन, ते लोकमुखी करणारा गायक, आणि स्वतःच स्वतःस सोडविण्याचे आवाहन, हे तिन्ही घटक दोन्हीकडे आहेत. मार्लींच्या गीतात भर मनाच्या बंधनावर आहे. अण्णाभाऊंच्या गीतात अंग झाडावयाचे आहे, रथावर चढावयाचे आहे, जग बदलावयाचे आहे. परस्परांची वार्ता नसलेल्या दोन समाजांनी एकाच व्याकरणापर्यंत यावे, ह्यावरून गुलामीच्या अनुभवाचा पीळ किती सारखा असतो ते ध्यानात येते.

७. पुढील कामाची दिशा

ह्या गीताचा अभ्यास केवळ छापील संहितेवरून पुरा होणार नाही. ते मौखिक परंपरेत वाढले असल्याने पाठभेद अपरिहार्य आहेत. कोणते कडवे कोठे गाळले जाते, ‘तू’च्या जागी कोठे ‘आपण’ येते, कोणत्या शब्दावर टाळी पडते, ह्यांच्या नोंदी व्हावयास हव्यात. नवी मुंबई हे त्यासाठी अनुकूल क्षेत्र आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि दगडखाणी येथील कामासाठी, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र येथून आलेल्या कुटुंबांनी आपापले जलसे, भजनी मंडळे व शाहिरी पाठ बरोबर आणले. त्यांच्या वस्तीशेजारी येथील मूळच्या आगरी-कोळी गावांची निराळी परंपरा आहे : १९७० मध्ये सिडको स्थापन होऊन जमिनी संपादन झाल्या, दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढे झाले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्याचा मुख्य शब्द ‘गुलाम’ नव्हता, ‘भूमिपुत्र’ होता. ज्याच्याकडून जमीन गेली तो स्वतःस पुत्र म्हणवितो आणि ज्याच्याकडे जमीन कधी नव्हती तो आपल्या अवस्थेस गुलामगिरी म्हणतो. हे दोन शब्द एकाच शहरात शेजारी राहून परस्परांशी काय बोलतात, ह्याची गीतांच्या आधारे पाहणी करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम विषय ठरेल.

अशा पाहणीत एक पथ्य पाळावे. गीत सांगणाऱ्या वृद्ध गायकांस ‘माहितीदार’ म्हणून केवळ कर्मस्थानी बसवू नये. त्यांच्या पाठाचा अर्थ प्रथम त्यांनाच विचारावा आणि तो त्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने नोंदवावा. ज्या गीताने श्रोत्याला वाक्याचा कर्ता केले, त्याच्या अभ्यासाची एवढी अट असणे न्याय्यच होय.